इथं राहत नाही

सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

धरणं सुरू झालं. मंडपवाल्याने निळं कापड आणलं होतं, ते मी परत पाठवलं. निळं लावलं की उद्या लोक म्हणतील, एका समाजाचं आंदोलन आहे. पांढरं आणायला लावलं. कंपनीतल्या छबुबाई म्हणाल्या, "पांढरं मयतीला असतंय, बाई." पण बसल्या.

एमआयडीसीतली ही शर्ट शिवणारी कंपनी मार्चअखेर इथलं काम बंद करून सगळं इथिओपियाला नेणार आहे. मॅनेजर सांगतो, अमेरिकेने आपल्या मालावर कर वाढवला, तिकडच्या मालावर कमी आहे. असेल. दोनशेवर बायकांनी काय करायचं, हे तो सांगत नाही. काम चालू आहे, त्यामुळे बायका पाळीपाळीने धरण्याला बसतात. सुटलेली पाळी बसते, दुसरी आत शिवते.

मी त्यांच्या युनियनची सेक्रेटरी. स्वतः कधी मशीनवर बसलेले नाही. टेलिफोन खात्यात तीस वर्षं काढली आणि तिथली युनियन चालवली, म्हणून या बायका तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे आल्या. भाची आधीपासून त्याच कंपनीत होती. रूपाली, तलवाड्याच्या निवृत्तीची, माझ्या भावाची मुलगी. माझ्याकडेच राहते. कॉलर शिवते. कॉलरचं टोक उलटवायला बाकीच्या काडी वापरतात, ही नखाने उलटवते, आणि टोक सुईसारखं निघतं. कामात चांगली आहे. एरवी आळशी.

आज तिने फोटो काढून आणले. पांढऱ्या पार्श्वभूमीचे, कान दिसणारे. मी विचारलं कशाला, तर म्हणाली, "असावेत." स्थळाचं काही असेल. निवृत्ती मला सांगत नाही, कारण मी मुलाचं शिक्षण आधी विचारते.

गुरुवार, २० नोव्हेंबर

मंडपात एक अफवा आली. कंपनी इथल्या चांगल्या टेलर बायकांना निवडून वर्षभर तिकडे नेणार आहे, तिथल्या मुलींना शिकवायला. मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर विचारलं, "आपलं काम आपल्याच हाताने दुसऱ्याला शिकवून यायचं आणि मग घरी बसायचं. अशी एक तरी बाई आपल्यात आहे का?"

कुणी बोललं नाही. म्हणजे नाही. अफवा मिटली.

निवृत्तीचा फोन आला होता. रूपाली रविवारी येऊन शाळा सोडल्याचा दाखला घेऊन गेली म्हणे. मी सरळच विचारलं, "स्थळ आलंय का?"

तो म्हणाला, "आता पोरगी सांगंल तसं."

मुलीने सांगायचं आणि बापाने ऐकायचं, हे एका अर्थी चांगलंच आहे. पण मुलगा काय करतो, एवढं तरी कळायला हवं.

बुधवार, २६ नोव्हेंबर

संविधान दिन. मंडपात उद्देशिका वाचली. मी एक ओळ म्हणायची आणि बायकांनी मागून. भिवराबाई कंपनीतली सगळ्यात जुनी टेलर. तिला 'सार्वभौम' म्हणता येईना, तर ती तिथे नुसती मान डोलवत होती. दोनदा म्हणून घेतलं. योगिता मधेच म्हणाली, "ताई, आमाला धरण्याला बसवलंय का शाळंत?" सगळ्या हसल्या. योगिता रूपालीच्या शेजारच्या मशीनवर बसते. हुशार आहे, पण तोंड आवरत नाही.

रूपालीने लाइटबिलाची झेरॉक्स मागितली. मी बिलं वर्षावर्षाने लावून ठेवते, तेव्हा लगेच मिळाली. कशाला हवी, हे तिने सांगितलं नाही. हल्ली जेवताना मोबाइलवर काहीतरी बघत बसते. आज मी डोकावले. एक बाई निखाऱ्यावर कॉफीच्या बिया भाजत होती, आणि ही घास हातात धरून ते बघत होती. लोकांनी कॉफी भाजण्यात बघायचं काय असतं?

शनिवार, २९ नोव्हेंबर

कुणीतरी बातमी आणली की धरणं मोडायला पुढच्या फळीतल्या बायकांना पोलीस उचलणार. खरं-खोटं माहीत नाही, पण तयारी असावी. आमच्या टेलिफोनच्या संपात एक रीत होती, तीच आज समजावली. "घरच्यांना सांगून ठेवा. पोलीस दारात आला आणि बाईचं नाव घेतलं, तर एकच उत्तर. इथं राहत नाही. कुठे असते, माहीत नाही. पुढे एक शब्द नाही."

छबुबाई म्हणाल्या, "आन् मी म्होरंच चुलीपाशी बसलेली दिसले तर?"

"तर पाहुणी आहे म्हणायचं."

"माझ्याच घरात मी पाव्हणी! म्हातारा लई खूश व्हईल."

हशा झाला. योगिता आणि रूपाली मात्र एकमेकींकडे बघत बसल्या होत्या. लक्ष नव्हतं. दोघींना उभं करून वाक्य म्हणायला लावलं. रूपालीने खाली बघत म्हटलं. आवाज नाही, काही नाही. असल्या वेळी हिच्या तोंडात भाकर असते.

बुधवार, ३ डिसेंबर

मी आज खोटं बोलले. नोकरीत एवढी वर्षं काढली, पण खोटी रजासुद्धा कधी टाकली नव्हती. लिहून ठेवलेलं बरं.

रूपाली पहिल्या पाळीला गेली होती. दुपारी हवालदार आला. छातीवर बंकट नाव होतं. वयाने तरुण, बोलायला मवाळ. असेच धोक्याचे असतात.

"रूपाली निवृत्ती साळवे इथंच राहतेत का?"

"कशासाठी?"

"चौकशी हाय, मॅडम. दोन मिनटाचं काम."

"कसली चौकशी, ते मला चांगलं माहीत आहे."

"माहीत हाय तर बरंच झालं. मंग सांगा, किती वरसापासून राहतेत?"

"ती इथं राहत नाही."

तो हातातला कागद बघत राहिला. "पर पत्ता तर ह्योच हाय."

"पत्ता माझा आहे. ती कुठे असते, मला माहीत नाही."

त्याने दोरीवरच्या कपड्यांकडे बघितलं. "अन् ह्या गुलाबी ओढण्या?"

"माझ्या."

माझं वय बासष्ट. नेसते सुती साडी. तो हसला नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. म्हणाला, "मॅडम, नीट इचार करा. पोरीचं नुसकान व्हईल."

"धमकी द्यायची नाही. मी कायदा ओळखते."

"धमकी कशाची, मॅडम. मी आपलं..."

मी दार लावून घेतलं. नंतर लागोपाठ दोन पेले पाणी प्यायले. भीतीने नाही. सवय नाही म्हणून.

रूपालीला सांगितलं नाही. उगाच घाबरेल.

शनिवार, ६ डिसेंबर

सकाळी पुतळ्यापाशी जाऊन अभिवादन करून आलो. रूपाली जरा जास्तच वेळ हात जोडून उभी होती. मी विचारलं, काय मागितलंस? म्हणाली, "आपल्यात मागत नसतेत. तूच सांगतेस."

बरोबर आहे.

शुक्रवार, १२ डिसेंबर

कंपनीने बोलावलं! गेले तीन-चार आठवडे जो मॅनेजर गाडीची काच खाली करायला तयार नव्हता, त्याने आज स्वतः खुर्ची पुढे केली. मी आणि भिवराबाई गेलो होतो. त्याचा चेहरा उतरला होता. तिकडची लाइन फेब्रुवारीत चालू व्हायची आहे आणि वरून दबाव आहे, असं म्हणाला.

"तुमच्या बायकांनी सहकार्य करायचं ठरवलं, तर आम्हीही बसून बोलू."

मी म्हटलं, "पोलीस घालून आमची एकजूट मोडत नसते."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "मॅडम, मानलं तुम्हाला. फार हुशार खेळी केलीत."

मी म्हटलं, "ही खेळी नाही. ही शिस्त आहे."

बाहेर आल्यावर भिवराबाईला सांगितलं, बघ, धरण्याची ताकद अशी असते. ती म्हणाली, "व्हय ताई," आणि पदराने तोंड पुसलं. आनंद झाला तरी या बायका नीट दाखवत नाहीत.

पुढच्या बैठकीत भरपाईचा मुद्दा लावून धरायचा. आणि काम इथेच राहावं, हा तर आहेच.

रविवार, १४ डिसेंबर

मी भाजी टाकली होती. रूपालीने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "वाच."

दिलेल्या पत्त्यावर राहत नसल्याचा पोलीस अहवाल.

"कसला अहवाल?"

"पासपोर्टचा."

"तुला पासपोर्ट कशाला?" असं मी विचारलं. विचारता विचारताच उत्तर कळत गेलं. फोटो, दाखला, लाइटबिल, ती कॉफी भाजणारी बाई, इथिओपियाचीच असणार. मी स्थळ शोधत होते.

"तिकडे शिकवायला आणखी कोण निघालंय?"

"आमी सहा जणी. योगिता पण. योगिताच्या सासूनं हवालदाराला सांगितलं, इथं न्हाई राहत, पाव्हणी हाय. तू शिकवलेलंच. बाकीच्यांच्या घरी पण तेच. सगळ्यांचे अडकले, आत्या."

एवढ्या प्रसंगात मला हसू आलं. मी ते दाबलं. मॅनेजर कशाला खेळी म्हणत होता, तेही कळलं. धरण्याची ताकद!

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगणार? त्या दिवशी मंडपात उभी राहून इचारलंस, अशी एक तरी हाय का. तुला सांगायची कुणाची छाती होती?"

"मी काय वाघ आहे?"

"वाघ बरा. तो व्याकरण काढत न्हाई."

मी म्हटलं, "दोनशे बायका थंडीत रस्त्यावर बसतात आणि तुम्ही सहा जणी त्यांचंच काम तिकडे नेऊन ठेवणार. पैशासाठी?"

"पैसे लागतेतच. पर नुसते तेवढ्यासाठी न्हाई." मग ती एकदम बोलत सुटली. "तिथं पोरी माझ्यापुढं बसणार. मी दाखवीन तसं करणार. मला मॅडम म्हणणार. इथं सुपरवायझर मला काय म्हणतो म्हाईत हाय? 'ए कॉलर.' 'ए कॉलर, इकडं ये.' सात वरसं झाली, त्याला माझं नाव येत न्हाई."

"शिकवायचंच होतं तर मी सांगत होते तेव्हा डी.एड. करायचं होतंस."

तिने ते ऐकून सोडून दिलं. म्हणाली, "उद्या पोलीस स्टेशनला चल. खरं काय ते सांग."

"नाही. मी सेक्रेटरी आहे. ज्या कागदाने बाकीच्यांचं काम जाणार, तो कागद मी माझ्या तोंडाने पुरा करणार नाही."

"तू त्याला खोटं सांगितलंस."

"तुला वाचवायला सांगितलं."

"कशापासून?"

मग तिने विचारलं, "मंग मी कुठं राहते, आत्या?"

भाजी करपली होती. मी ती काढायला उठले.

सोमवार, १५ डिसेंबर

रूपाली सकाळी बॅग घेऊन योगिताच्या खोलीवर राहायला गेली. जाताना दोरीवरच्या ओढण्या काढून नेल्या.

हवालदाराला सांगितलेलं आज खरं झालं.

दिवसभर एकच विचार. मी गप्प बसले तर कंपनी अडते. कंपनी अडली तर दोनशे जणींचं भलं होतं. हिशेब सरळ आहे. पण एवढी वर्षं बायकांना सांगत आले, आपली बाजू खरी आहे म्हणून आपण जिंकतो. आता जिंकलो तर कशामुळे जिंकलो, असं सांगू?

भाकरी दोन थापल्या. एक उरली.

शुक्रवार, १९ डिसेंबर

थंडी कडक आहे. मंडपात दुपारी बायका कमी होत्या. सहा जणींची गोष्ट फुटली आहे. त्या आता मंडपात येत नाहीत आणि आल्या तर कुणी सरकून जागा देत नाही. कुणीतरी योगिताला म्हणालं, "विमान आमच्याच घरावरनं ने, म्हंजे वरून थुकता यील." हे बरं नाही. तरी मी तिथे काही बोलले नाही.

छबुबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. या पालीहून येतात. घरी मेंढरं आहेत. कंपनीत धागे कापण्याचं काम करतात. त्या सहा जणींत नाहीत, असणारही नाहीत. डब्यातली कारळाची चटणी माझ्या पोळीवर न विचारता वाढली आणि म्हणाल्या, "तुमाला सेल्वी म्हाईत हाय का?"

मला माहीत नव्हती.

"कंपनी नवी व्हती तवा तामिळकडच्या बाया आल्त्या आमाला शिकवायला. त्यांच्यात ही सेल्वी. काळीसावळी, डोक्यात गजरा. मराठी शब्द येत न्हाई, हिंदी न्हाई. आपल्या मागं उभी राहायची, आपली मनगटं धरायची आन् मशीनवर हात फिरवायची. भिवराला कॉलर तिनंच शिकवली. भिवरानं तुमच्या रूपालीला."

"बरं."

"सांजच्याला रडायची ती. आमाला वाटायचं, घरची सय येत असंल. आमी तिला भाकरी-ठेचा नेऊन द्यायचो. खायची आन् रडायची. आमी हसायचो, तिखट लागलं म्हणून." छबुबाईंनी डबा बंद केला. "ती गेल्यावर किती दिसांनी कळलं. तिकडची कंपनी बंद पडली व्हती. त्यांचंच काम इकडं आलं व्हतं. आपलंच काम शिकवाया आलती बाई ती, आन् आमी ठेचा देत व्हतो."

मी विचारलं, "मग तेव्हा तुम्ही..."

"आमी काय? आमाला पगार चालू झाला व्हता. पयला पगार. म्या शेळी घेतली." डबा पिशवीत घालत म्हणाल्या, "सेल्वी आली नसती तर दुसरी कुणी आली असती. पर ती वाईट बाई नव्हती, बाई. एवढंच म्हणते."

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"तुमी बोलू देता व्हय?"

हे शेवटचं बोलणं मला आवडलं नाही. पोळी मात्र सगळी खाल्ली.

मंगळवार, २३ डिसेंबर

फाटकावर सभा घेतली. दोन्ही पाळ्या. सहा जणींनाही बोलावलं, त्या मागे उभ्या राहिल्या. मी ठरवलं होतं, आज आपण भाषण करायचं नाही. फार अवघड गेलं.

जे घडलं ते सरळ सांगितलं. पासपोर्ट अडकले आहेत ते आपण दिलेल्या उत्तरामुळे. त्यात एक उत्तर माझं. कंपनी घाईत आहे. आता काय करायचं, तुम्ही सांगा.

पहिल्यांदा आरडाओरडा. अडकू द्या म्हणणाऱ्या पुष्कळ. एक म्हणाली, आमची लेकरं इथं आन् ह्या तिकडं फोटो काढणार. योगिता पुढे आली. डोळे लाल, पण आवाज चढा. "मला दोन लेकरं हायेत अन् नवरा न्हाई. मार्चनंतर तुमी मला जेवू घालणार असाल तर न्हाई जात. घालता का? बोला."

कुणी बोललं नाही. या वेळी त्या गप्प बसण्याचा अर्थ मी लावायला गेले नाही.

मग भिवराबाई. तिची नजर आता कमी झाली आहे, म्हणून तिला निवडलेलं नाही. कॉलर तिची, आणि निवड तिच्या चेलीची. तिला राग असेल, असं मला वाटत होतं. ती म्हणाली, "पोरींना जाऊ द्या. पर फुकट न्हाई. आपल्या हातातलं ह्ये येवढं एकच उरलंय, त्ये कंपनीला असंच कावून द्यायचं? आधी सगळ्यांची भरपाई, मंग विमान."

मागून कुणीतरी म्हटलं, "आधी भरपाई!" आणि दहा जणी ओरडल्या, "मग विमान!" अशी घोषणा मला टेलिफोनमध्ये इतक्या वर्षांत सुचली नव्हती.

योगिता म्हणाली, "आमी सहा जणी शब्द देतो. सगळ्यांच्या कागदावर सही होईस्तोवर आमी पोलिसाकडं फिरकणार न्हाई."

हात वर करून मत घेतलं. मी कामगार नाही, मला मत नाही. असतं तर मी विरोधात दिलं असतं. माझं अजूनही म्हणणं आहे की आपलं काम शिकवायला जाऊ नये. ठराव मंजूर झाला. मी तो शुद्ध मराठीत लिहिला आणि वाचून दाखवला.

रूपाली सबंध सभेत माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं तेव्हा तिने मान वळवली. वाळली आहे. योगिताकडे काय जेवते, कोण जाणे.

शनिवार, ३ जानेवारी २०२६

सावित्रीबाईंची जयंती. मंडपात फोटोला हार घातला आणि तिथूनच कामगार अधिकाऱ्यांकडे गेलो.

करार झाला. कंपनी मार्चअखेर बंद होणार, ते काही टळलं नाही. सगळ्या बायकांना भरपाई मिळणार. धागे कापणाऱ्या आणि झाडणाऱ्या बायकांना कंपनी यात धरतच नव्हती, त्यांचीही नावं घातली. मॅनेजरने खूप ताणलं. मधेच मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, त्या पोलिसांच्या उत्तराचं तेवढं बघा, बाकी आपण पुढे बघू."

मी म्हटलं, "पोलीस विचारतील तेव्हा खरं ते सांगू. त्याचा या सहीशी संबंध नाही. पण सहीशिवाय एकही बाई बॅग भरणार नाही. हा त्यांचा ठराव आहे, माझा नाही. माझा असता तर मोडता आला असता."

त्याने सही केली.

जिंकलो का, असं छबुबाईंनी विचारलं. मी म्हटलं, काम वाचलं नाही. त्या म्हणाल्या, "म्या तेवढं न्हाई इचारलं." मग त्यांनी पांढरं कापड सोडवायला मंडपवाल्याला मदत केली.

घरी आले. कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं.

बुधवार, ७ जानेवारी

सकाळी हवालदार बंकटचा फोन. "मॅडम, फेरचौकशी आलीय. उद्या येतो. या टायमाला तरी राहतेत का त्या?"

आवाजात हसू होतं. मी म्हटलं, "उद्या या. उद्या सांगते," आणि फोन ठेवला.

मग बसून विचार केला. राहते, म्हटलं तर ते खोटं. ती योगिताकडे राहते. राहत नाही, म्हटलं तर खरं, पण पुन्हा पासपोर्ट अडकतो. एकाच माणसाला दोनदा खोटं सांगणार नाही. तेव्हा एकच मार्ग होता.

पाळी सुटल्यावर गेले. योगिताची खोली गल्लीच्या टोकाला आहे. दार उघडं होतं, पडदा लावलेला. आतून रूपालीचा आवाज येत होता, मोठ्याने, सावकाश. इंग्रजी बोलत होती. मी पडदा बाजूला केला. योगिताची दोन लेकरं आणि योगिता ओळीने खाली बसली होती. रूपाली शर्टाची कॉलर हातात घेऊन त्यांच्यापुढे उभी.

"लुक माय हॅन्ड," ती म्हणत होती.

मी म्हटलं, "लुक ॲट माय हॅन्ड. ॲट राहिलं."

सगळेच दचकले. थोरला मुलगा म्हणाला, "ॲट माय हॅन्ड." त्याचा उच्चार चांगला आहे.

रूपाली कॉलर घट्ट धरून उभी राहिली. म्हणाली, "ठराव झालाय. आता भांडायला कावून आलीस?"

"उद्या हवालदार येणार आहे. विचारील, इथं राहते का. मी खोटं सांगणार नाही. तेव्हा तू घरी असायला पाहिजेस."

ती माझ्याकडे बघत राहिली. "म्हंजे?"

"म्हणजे बॅग कुठे आहे?"

योगिता तोंडाला पदर लावून हसायला लागली. मग रडायला लागली. या मुलीचं काही कळत नाही. बॅग रूपालीच्या आधी तिनेच आणून माझ्या स्कूटीवर ठेवली.

वाटेत रूपाली मागून म्हणाली, "आत्या, तुला अजून वाटतं का, मी चुकते?"

"हो."

"बरं," म्हणाली आणि माझ्या खांद्याला धरून बसली. एरवी मागचा दांडा धरते.

गुरुवार, ८ जानेवारी

बंकट साडेअकराला आला. पाळी बदलून घेतल्याने रूपाली घरीच होती. मी दार उघडलं आणि त्याने विचारायच्या आत सांगितलं, "गेल्या वेळी मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. ती इथेच राहत होती. सात वर्षं. ओढण्याही तिच्याच."

"ते कळलं व्हतं, मॅडम," तो म्हणाला. "पर तुमी सांगितलं, तेच मला लिहावं लागतंय."

त्याला खुर्ची दिली. रूपालीने चहा आणला. त्याने तिला नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, सही घेतली. काही गुन्हा? नाही. केस? नाही. सध्या राहणार इथंच? तो माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "इथंच."

"झालं. एवढंच." तो कागद आवरायला लागला.

"एवढंच? परत आल्यावर कुठे राहणार, ते नाही लिहायचं?"

"तसा रकाना न्हाई, मॅडम."

"नसेल. पण तुम्ही ऐकून ठेवा. परत आल्यावरही इथंच."

तो "बरं" म्हणाला आणि चहा प्यायला. स्वयंपाकघरात रूपाली भांडी घासत होती, ती मधेच थांबली. नळ तसाच चालू होता. पाणी वाया जातंय, असं मी ओरडणार होते. पण ओरडले नाही.